एलिफंट सिक्स: चार ट्रॅकची कॅसेट आणि एकमेकांच्या बँडमधे वाजवणारी मित्रमंडळी

लो-फाय म्हटलं की आता बहुतेकांना अभ्यासाला बसल्यावर लावायचे ते संथ बीट्स आठवतात, मागे पाऊस, रेकॉर्डची खरखर, शब्द नाहीत. मला त्याबद्दल नाही बोलायचंय. त्याच्या बरंच आधी, १९८० आणि ९० च्या दशकात, अमेरिकेत घरच्या घरी कॅसेटवर गाणी करणाऱ्या बँड्सच्या म्युझिकला हे नाव पडलं होतं, आणि त्यातला माझा सगळ्यात जास्त जीव असलेला बँड म्हणजे न्यूट्रल मिल्क हॉटेल. कुणाला हा बँड ऐकवला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, रेकॉर्डिंग असं फाटल्यासारखं का आहे, साधी लाकडी गिटार एवढी का करवादते? दुसरा प्रश्न थोडं वाचून झाल्यावर येतो, की अरे यात नक्की आहेत तरी किती जण, हा ड्रमर त्या बँडमधे पण आहे, तो ट्रम्पेटवाला तिसरीकडे गातोय, आणि सगळ्यांच्या रेकॉर्डवर एकच लोगो, एलिफंट सिक्स, ही कंपनी आहे की बँड आहे की काय आहे? मला स्वतःला बरीच वर्षं हे दोन वेगवेगळे प्रश्न वाटायचे. आता वाटतं की ते एकाच धाग्याची दोन टोकं आहेत, आणि धागा सुरू होतो एका मशीनपासून.

तर आधी मशीन समजून घेऊ, मग माणसं.

साध्या कॅसेटमधली टेप चार मिलिमीटर रुंदसुद्धा नसते. तेवढ्या पट्टीवर लांबीच्या दिशेने चार अदृश्य ओळी असतात, दोन ए बाजूच्या (डावा आणि उजवा स्पीकर) आणि दोन बी बाजूच्या, म्हणून तर कॅसेट उलटी घातली की दुसरी गाणी लागतात. १९७९ मधे टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ नावाचं मशीन काढलं आणि त्यात या चारही ओळी एकाच दिशेने वापरल्या, म्हणजे पहिल्या ओळीवर गिटार भरा, मग ती हेडफोनमधे ऐकत ऐकत दुसरीवर गा, मग दोन्ही ऐकत तिसरीवर अजून काही. याच ओळींना ट्रॅक म्हणतात आणि म्हणून हे मशीन फोर-ट्रॅक. आवाज जरा बरा यावा म्हणून त्यांनी टेपचा वेगही दुप्पट केला, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरच्या जागी ९.५, त्यामुळे ६० मिनिटांची कॅसेट १५ मिनिटांत संपायची. पण टेबलावर मावणारं, एकट्याला उचलता येणारं, कॅसेटवर चालणारं असं चार ट्रॅकचं मशीन त्याआधी नव्हतंच. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' हा अख्खा अल्बम घरात बसून याच मशीनवर भरला, तो खरं तर बँडला दाखवायचा कच्चा नमुना होता आणि शेवटी तोच बाजारात आला.

आता चार ट्रॅक म्हणजे चारच वाद्यं का? नाही, आणि इथेच गंमत सुरू होते, तिला बाउन्स करणं म्हणतात. समजा तुम्ही १, २, ३ वर ड्रम, बेस आणि गिटार भरलं. मग ते तिन्ही एकत्र वाजवून चौथ्या ट्रॅकवर उतरवायचे. आता चौथ्यावर तिघं एकजीव झालेत आणि १, २, ३ पुसून परत मोकळे, त्यावर गाणं, दुसरा आवाज, ट्रम्पेट. झाली सहा. परत बाउन्स केलं तर अजून. पण प्रत्येक वेळी किंमत मोजावी लागते. टेपवर आवाज साठतो तो लोखंडाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांत, ते कण चुंबकीय असतात, आणि काहीच भरलं नसेल तेव्हाही त्यांची स्वतःची एक 'स्स्स्स' असते. बाउन्स करताना तुम्ही गाण्याबरोबर ती स्स्स्स पण उतरवून घेता, वर नव्या ट्रॅकची स्वतःची वेगळी. शिवाय प्रत्येक नकलेत वरचे टोकदार सूर थोडे बोथट होतात, झांजेची किणकिण आधी जाते. मोटर किंचित मागेपुढे झाली तर सूर हलतो तोही हलता राहतो, आणि पुढच्या नकलेत त्या हलण्यावर अजून एक हलणं चढतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणाऱ्याला पटकन लक्षात येत नाही, की एकदा बाउन्स केलं की ड्रम आणि गिटार वेगळे करता येत नाहीत. ड्रम मोठा झालाय? राहू दे आता. आधीचं सगळं पुसलंय. म्हणजे गाणं अर्धंच झालेलं असताना तुम्हाला ठरवावं लागतं की हे असंच राहणार, आणि पुढचा जो कोणी येईल त्याने जे आहे त्याच्यावरच वाजवायचं. मला लो-फाय आवाजाचा जीव यात वाटतो, खरखरीत नाही.

इथे एक तुलना करतो म्हणजे प्रमाण लक्षात येईल. बीटल्सचा १९६७ चा 'सार्जंट पेपर' पण चार ट्रॅकच्याच मशीनवर झालाय, बाउन्स करूनच. पण त्यांची टेप १ इंच रुंद, म्हणजे २५.४ मिलिमीटर, एकेका ट्रॅकला सहा मिलिमीटरच्या आसपास जागा, आणि कॅसेटवर एका ट्रॅकला एक मिलिमीटरपण मिळत नाही. पट्टी रुंद असली आणि जोरात पळत असली की आवाजाच्या वाट्याला जास्त कण येतात आणि स्स्स्स मागे पडते. तर युक्ती तीच, कागद पोस्टाच्या तिकिटाएवढा. हे डोक्यात ठेवा, कारण आपल्या कथेतल्या पोरांना खराब आवाज हवा होता असं अजिबात नाहीये, त्यांना बीटल्स आणि बीच बॉईज या साठच्या दशकातल्या बँड्ससारखं भव्य काहीतरी करायचं होतं आणि हातात होतं हे.

लो-फाय हा शब्द यात कधी आला? ध्वनी हुबेहूब पकडला तर हाय फिडेलिटी, हाय-फाय, म्हणून त्याच्या उलट ते लो-फाय. १९८६ मधे न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ स्टेशनवर विल्यम बर्जर नावाचा डीजे घरी रेकॉर्ड केलेल्या म्युझिकचा एक कार्यक्रम करायचा त्याचं नाव 'लो-फाय' होतं, आणि तिथून हा शब्द दर्जाबद्दलच्या तक्रारीपेक्षा एका प्रकारच्या संगीताचं नाव म्हणून वापरात यायला लागला.

आता माणसं.

लुइझियाना राज्याच्या उत्तरेला रस्टन नावाचं छोटं गाव आहे, लुइझियाना टेक युनिव्हर्सिटीचं गाव. तिथे १९८० च्या दशकात चार पोरं एकमेकांना भेटली: रॉबर्ट श्नायडर, जेफ मँगम, विल कलन हार्ट आणि बिल डॉस. श्नायडरचा जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचा, लहानपणी कुटुंबाबरोबर रस्टनला आला. डॉस जवळच्याच डुबाक गावचा. गावात बँड ऐकायला जायची सोय फारशी नाही, पण युनिव्हर्सिटीचं केएलपीआय नावाचं रेडिओ स्टेशन होतं, तिथे ही मंडळी डीजे म्हणून जायची, आणि कॉलेज रेडिओचं महत्त्व इथे समजून घ्यायला पाहिजे कारण नाहीतर अशा गावात अशी पोरं कशी तयार झाली ते कळत नाही. मोठी रेडिओ स्टेशनं तीच ती हिट गाणी लावायची. कॉलेजचं स्टेशन विद्यार्थी चालवायचे, जाहिरातीचं दडपण नाही, देशभरातल्या छोट्या छोट्या कंपन्या त्यांना रेकॉर्ड पाठवायच्या, आणि रात्री स्टेशनवर बसलेल्या पोराच्या समोर कपाटभर म्युझिक असायचं जे त्या गावच्या एकाही दुकानात मिळालं नसतं.

आणि ही पोरं काय करायची, तर घरी कॅसेटवर गाणी भरायची, त्या बँडला एक नाव ठोकायचं, कव्हर हाताने काढायचं, आणि ती कॅसेट बाकीच्यांना द्यायची. दुसऱ्या दिवशी नवा बँड, नवं नाव. ऐकणारे लोक किती, तर खोलीतले उरलेले तीन. १९८९ च्या सुमाराला मँगमने अशाच एका आपल्या एकट्याच्या उद्योगाला न्यूट्रल मिल्क हॉटेल नाव दिलं. म्हणजे नाव आधी आलं, बँड कित्येक वर्षांनी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण पुढचा सगळा गोंधळ, कोण कुठल्या बँडमधे, तो इथूनच येतो, त्यांच्यासाठी 'बँड' हा शब्द पक्क्या मेंबरांसाठी नव्हताच, एका माणसाच्या डोक्यातल्या एका प्रकारच्या गाण्यांना दिलेलं ते नाव होतं आणि ती गाणी वाजवायला जो हाताशी असेल तो यायचा.

मग गाव सुटलं. हार्ट, डॉस आणि मँगम जॉर्जियातल्या अथेन्सला गेले, तेही युनिव्हर्सिटीचं गाव, पण आरईएम आणि बी-फिफ्टी-टूज हे बँड तिथलेच म्हणून म्युझिकची हवा असलेलं, राहणं स्वस्त. तिथे तिघांनी सिंथेटिक फ्लाइंग मशीन नावाचा बँड केला, मँगम त्यातून बाहेर पडला आणि त्याचंच पुढे ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोल झालं. श्नायडर मात्र १९९१ मधे डेन्व्हरला गेला, कोलोरॅडोत, अथेन्सपासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास.

डेन्व्हरमधे तो रोज ज्या बसने जायचा त्यात जिम मॅकिन्टायर नावाचा एक माणूस असायचा आणि श्नायडर त्याच्याशी बोलायला बघायचा, तो मात्र बोलायच्या मूडमधे नसायचा. एकदा श्नायडरने विचारलं तुझा आवडता बँड कोणता, आणि विषय संपावा म्हणून मॅकिन्टायर म्हणाला बीच बॉईज, त्याला वाटलं हे ऐकून हा पोरगा गप्प बसेल. तोच श्नायडरचाही सगळ्यात लाडका बँड निघाला! मॅकिन्टायरने त्याची गाठ हिलरी सिडनीशी घालून दिली, ती ड्रम वाजवायला लागली, आणि असा ॲपल्स नावाचा बँड उभा राहिला, ज्याचं नाव पुढे ॲपल्स इन स्टिरिओ झालं. १९९३ मधे त्यांनी 'टायडल वेव्ह' ही छोटी सात इंची रेकॉर्ड स्वतः काढली. तिच्यावर एलिफंट सिक्स रेकॉर्डिंग कंपनी असं नाव होतं आणि त्या नावाची ती पहिली रेकॉर्ड. लोगो विल हार्टने काढलेला, तो चित्रकार पण होता.

तर एलिफंट सिक्स म्हणजे काय, याचं उत्तर आता देता येतं. नावात 'कंपनी' आहे आणि सुरुवातीच्या काही रेकॉर्ड त्यांनी स्वतः काढल्या हे खरं, पण सगळे नावाजलेले अल्बम दुसऱ्या खऱ्या कंपन्यांनी काढले. न्यूट्रल मिल्क हॉटेलचे अल्बम मर्ज या कंपनीने, जी सुपरचंक बँडच्या मॅक मॅककॉन आणि लॉरा बॅलन्स या दोघांनी १९८९ मधे नॉर्थ कॅरोलायनात सुरू केली होती. ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोलचा पहिला अल्बम फ्लायडॅडीने. पैसे, छपाई, दुकानात पोचवणं हे त्या कंपन्यांचं काम. एलिफंट सिक्सचा लोगो वेगळंच सांगायचा, की हे आमच्यापैकी कुणीतरी केलंय. आणि ऐकणाऱ्याला याचा फायदा कळतो का बघा, इंटरनेटवर गाणं आधी ऐकून बघायची सोय नव्हती, दुकानात एक अनोळखी रेकॉर्ड हातात आलीय, बँडचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण मागे तो वळणावळणाचा लोगो दिसला की माणूस ती घेऊन टाकायचा. लेबल म्हणजे ज्या अर्थाने कंपनी, त्या अर्थाने नाही, ओळखीच्या माणसाने "हा आपलाच आहे" म्हणावं त्या अर्थाने. आपल्याकडे गायकाच्या नावाबरोबर घराणं सांगतात त्याच्याशी थोडं जुळतं, फरक एवढाच की इथे गुरू कोणीच नाही, सगळे एकमेकांचे.

आता अल्बम कसा व्हायचा ते बघू, कारण माझ्या मते खरं समजण्यासारखं तिथे आहे.

मँगम एका जागी टिकणारा नव्हता, या शहरातून त्या शहरात फिरत, मित्रांच्या घरी राहत गाणी करायचा. १९९५ मधे तो डेन्व्हरला श्नायडरकडे गेला आणि दोघांनी मिळून न्यूट्रल मिल्क हॉटेलचा पहिला अल्बम केला, चार ट्रॅकच्या टेप मशीनवर (कॅसेटचं नाही, रीळवालं), जो मर्जने १९९६ मधे काढला. वाजवायला बँड असा नव्हताच. अल्बम निघाल्यावर दौऱ्यावर जायची वेळ आली तेव्हा माणसं गोळा करायला सुरुवात झाली. ज्युलियन कॉस्टर आला, त्याचा आधीचा स्वतःचा बँड होता. जेरेमी बार्न्स शिकागोत कॉलेजात होता, शिक्षण सोडून ड्रम वाजवायला आला. स्कॉट स्पिलेन हा रस्टनचाच जुना दोस्त. न्यू यॉर्कमधे कॉस्टरच्या आजीच्या घरी राहून यांनी सराव केला. हे चौघं म्हणजे लोक ज्याला 'न्यूट्रल मिल्क हॉटेल' म्हणून ओळखतात तो बँड.

१९९७ च्या उन्हाळ्यात ते सगळे डेन्व्हरला आले. श्नायडरचा स्टुडिओ मॅकिन्टायरच्या घरात होता, हो, तोच बसमधला, आणि स्टुडिओचं नाव पेट साउंड्स, बीच बॉईजच्या १९६६ च्या अल्बमवरून. जुलै ते सप्टेंबर तिथे 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' रेकॉर्ड झाला. आणि इथे लो-फाय शब्दाबद्दल एक गैरसमज काढून टाकायला पाहिजे, लोक या अल्बमला सर्रास लो-फाय म्हणतात, पण तो काही खोलीच्या कोपऱ्यात स्वस्त मशीनवर भरलेला नाही. श्नायडरला रेकॉर्डिंगचा नाद होता, मायक्रोफोन कुठे ठेवायचा यावर तो मनापासून मेहनत घ्यायचा, तोपर्यंत सामानही बरं होतं. ती करवादणारी गिटार चुकून तशी आलेली नाही, तशी केलेली आहे.

कशी, ते सांगतो. लाकडी गिटारपुढे मायक्रोफोन ठेवला की तिथून येणारा सिग्नल फार बारीक असतो, तो आधी प्रीॲम्प नावाच्या भागातून मोठा करून मग टेपवर जातो. प्रत्येक प्रीॲम्पची एक मर्यादा असते. तिच्या पलीकडे ढकललं तर आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात, लाट गोल राहत नाही, वर सपाट होते, आणि त्या सपाट झालेल्या लाटेत मूळ सुराच्या वरचे अनेक नवे सूर आपोआप तयार होतात जे गिटारने वाजवलेलेच नाहीत. तेच आपल्याला फाटल्यासारखं ऐकू येतं. इलेक्ट्रिक गिटारवाले हे पायाखालच्या पेडलने करतात. इथे लाकडी गिटार आणि रेकॉर्डिंगच्या साखळीतली पातळी मुद्दाम वर. त्यामुळे एकटा माणूस एक साधी गिटार घेऊन बसलाय तरी भिंत अंगावर आल्यासारखं वाटतं, आणि तरीही तारेवर घासणारी बोटं ऐकू येतात. रॉक बँडचा जोर आणि शेजारी बसून गातोय असं जवळपण, दोन्ही एकदम.

मग बाकीचे. स्पिलेनने ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम अशी पितळी वाद्यं वाजवली आणि ती कुठे काय वाजणार हे श्नायडर आणि त्याने मिळून बसवलं. कॉस्टरने बॅन्जो, अकॉर्डियन आणि करवत. हो, लाकूड कापायची करवत. ती मांडीत धरून इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवायची आणि धारेच्या उलट्या बाजूवर व्हायोलिनचा गज ओढायचा, वाक जिथे बदलतो तेवढाच भाग थरथरतो आणि वाक कमी-जास्त केला की सूर वर-खाली सरकतो, मधे पट्ट्या-पडदे काही नाहीत, त्यामुळे ती बाई गातेय का भूत रडतंय असं वाटतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तो माणसाचा आवाज वाटतो. एल्फ पॉवर बँडची लॉरा कार्टर येऊन झँझिथोफोन वाजवून गेली, हे नाव भारी असलं तरी ते कॅसिओचं सॅक्सोफोनसारखं दिसणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. आयर्लंडचे उलिअन पाइप्स पण आहेत त्यात, पिशवीतल्या हवेवर चालणारे.

तर विचारा आता, या अल्बमवर वाजवणारा 'बँड' कोणता? मला तरी उत्तर असं दिसतं की त्या उन्हाळ्यात त्या घरात जे होते ते. पैसे देऊन पट्टीचा ट्रम्पेटवाला बोलवला असता तर त्याने कागदावरचं वाजवलं असतं आणि तासाचे पैसे घेऊन गेला असता. इथे घड्याळ नव्हतं. जो वाजवतोय तो हे गाणं कितीतरी वेळा ऐकलेला माणूस आहे, तो चुकला तरी त्या चुकीत ओळख आहे. फोर-ट्रॅकवर लहानपणापासून यांना सवय लागली होती की आधीच्याने जे ठेवलंय त्यावर आपण काहीतरी ठेवायचं आणि मागचं बदलायला जायचं नाही, आणि मशीन मोठं झालं तरी ती सवय सुटलेली दिसत नाही.

ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोलमधे हेच दुसऱ्या टोकाला गेलंय. डॉस म्हणजे चालीचा माणूस, ऐकल्या ऐकल्या गुणगुणता येईल असं. हार्ट टेपचा वेडा, आवाज कापायचे, उलटे करायचे, एकावर एक थर चढवायचे. (फोर-ट्रॅकवर उलटा आवाज करणं अगदी सोपं असतं, कॅसेट काढून उलटी घाला, चारही ओळी एकाच दिशेने भरलेल्या असल्यामुळे आता सगळं मागून पुढे वाजतं आणि पहिला ट्रॅक चौथा होतो, त्यावर हवं ते भरा आणि परत सरळ करा.) त्यांचा १९९६ चा पहिला अल्बम 'डस्क ॲट क्युबिस्ट कॅसल', २७ तुकडे, त्यातले मधले सलग १० एकाच नावाचे. घरी भरलेल्या टेपा डेन्व्हरला श्नायडरकडे नेऊन त्यावर पुढचं काम झालं. सुरुवातीच्या काही प्रतींबरोबर नुसत्या आवाजांची एक जास्तीची सीडी दिली होती आणि दोन सीडी दोन प्लेअरवर एकाच वेळी लावायची कल्पना होती. शिवाय अल्बममधे त्यांनी ऐकणाऱ्यांना सांगितलं की तुमची स्वप्नं टेप करून आम्हाला पाठवा, लोकांनी पाठवली, आणि ती पुढच्या १९९९ च्या अल्बममधे वापरली. म्हणजे आधी चार मित्र, मग मित्रांचे मित्र, मग ऐकणारा अनोळखी माणूससुद्धा आत. मला हे वाचलं तेव्हा खरंच भरून आलं होतं, कुणीतरी कुठल्यातरी गावात रात्री उठून टेपरेकॉर्डरपुढे आपलं स्वप्न सांगितलं असेल आणि ते आज आपण ऐकतोय.

बाकी गोतावळा मोठा आहे, सगळा सांगत बसत नाही. स्पिलेनचा गर्बिल्स, कॉस्टरचा म्युझिक टेप्स, बार्न्सने नंतर न्यू मेक्सिकोत केलेला अ हॉक अँड अ हॅकसॉ (हा तर पूर्व युरोपच्या लोकसंगीताकडेच गेला), हार्टचा सर्क्युलेटरी सिस्टम, केविन बार्न्सचा ऑफ माँट्रिअल जो बरीच वर्षं चालला आणि दर काही वर्षांनी पूर्ण बदलत गेला. हा बार्न्स आणि तो बार्न्स वेगळे, नात्यातले नाहीत. लॉरा कार्टर आणि मंडळींनी अथेन्सजवळ ऑरेंज ट्विन नावाने १५० एकरांच्या आसपास जमीन घेऊन त्यातलं बरंचसं जंगल तसंच राखलं, त्याच नावाने रेकॉर्डही काढल्या, त्यात मँगमने बल्गेरियातल्या कोप्रिव्हश्तित्साच्या लोकसंगीत उत्सवात केलेलं रेकॉर्डिंग पण आहे, २००१ मधे निघालेलं.

मँगमचं काय झालं हा प्रश्न येतोच. 'एरोप्लेन' १० फेब्रुवारी १९९८ ला आला तेव्हा मर्जने ५,५०० सीडी आणि १,६०० एलपी काढल्या होत्या, त्यांच्या अंदाजाने तेवढं पुरेसं होतं. दौरा झाला, आणि मग मँगम थांबला. नवा अल्बम नाही, मुलाखती जवळजवळ नाहीत. आणि तो गप्प असतानाच अल्बम तोंडोतोंडी पसरत गेला, आधी इंटरनेटवर, मग पोरांनी आपल्या धाकट्या भावंडांना दिला असं. लोकांनी त्या गप्प बसण्याच्या खूप कहाण्या केल्या आणि मला त्या वाचायला आवडत नाहीत. एक माणूस पाच-दहा जणांसाठी गायचा, त्याच्यापुढे अचानक हजारो आले जे त्याच्याकडून काहीतरी मागतायत, त्याला नको वाटलं असेल, एवढं मला पुरतं. २०१३ ते २०१५ मधे तेच चौघं परत एकत्र आले, गावोगाव वाजवलं, आणि परत थांबले.

श्नायडर गणिताकडे गेला. त्याआधीच त्याने लॉगॅरिथमवर आधारलेली एक स्वतःची स्वरपट्टी तयार केली होती आणि २००७ च्या ॲपल्स इन स्टिरिओच्या अल्बममधे वापरली होती. २०१८ मधे एमरी युनिव्हर्सिटीतून त्याने गणितात पीएचडी केली आणि आता शिकवतो.

बिल डॉस शेवटची काही वर्षं ॲपल्स इन स्टिरिओमधेही वाजवत होता, म्हणजे रस्टनच्या दोन पोरांचे बँड वीस वर्षांनी परत एकमेकांत मिसळले. ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोलही परत वाजवायला लागलं होतं. ३१ जुलै २०१२ ला तो गेला, ४३ वर्षांचा. विल हार्टला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता, कित्येक वर्षं तो त्याच्यासकट काम करत राहिला. २९ नोव्हेंबर २०२४ ला ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोलची दोन नवी गाणी आली आणि त्याच दिवशी तो गेला.

ऐकायला कुठून सुरुवात करू विचाराल तर 'एरोप्लेन'च, पण हेडफोन लावून, आणि गाणी मागेपुढे न करता. पहिल्या वेळी शब्दांच्या मागे लागू नका. ट्रम्पेट कुठून येतात, करवत कधी सुरू होते, गिटारचा तो कापलेला शेंडा कुठे सगळ्यात जास्त ऐकू येतो तेवढं बघा. शेवटचं गाणं फक्त मँगमचं आहे, सुरुवातीला करवत आहे आणि मग तो आणि गिटार. ते संपलं की लगेच बंद करू नका. तो गिटार खाली ठेवतो, ठेवल्याचा आवाज येतो, मग उठतो आणि खोलीतून चालत जातो. श्नायडरने टेप चालू ठेवली होती.